टॅसिटर्न कानिफनाथ

इंग्रजी शब्द मला बरेच येतात, पण इंग्रजी येतं असं म्हणायची हिंमत मला कधी झाली नाही. नगरच्या एका वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे माझी नोकरी झाली. दुपारी वाचक नसले की मी शब्दकोश वाचत बसायचो, एखाद्याने कादंबरी वाचावी तसा. त्यामुळे अर्थ पाठ झाले, पण शब्द तोंडातून बाहेर काढायचा प्रसंग फारसा आला नाही. माझे उच्चार बरोबर आहेत की चूक, हे आजही मला ठाऊक नाही.

म्हणून केडगावच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या रुपालीने मला जिन्यात गाठून, काका, माझ्या भाचीला इंग्रजी शब्द शिकवाल का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. कसं म्हणावं याचा विचार करेपर्यंत ती ड्युटीला निघून गेली. ती एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिला वेळ नसतो. माझं गप्प बसणं तिने होकार धरलं.

भाचीचं नाव जयमाला. पाथर्डी तालुक्यातल्या हिवरवाडीची. बारावी होऊन तिला वर्ष झालं होतं. बांधाच्या केससाठी वडिलांबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेलेली असताना तिने एका वकीलबाईला उभं राहून बोलताना पाहिलं, आणि तेव्हापासून पाच वर्षांच्या लॉचं तिने मनात घेतलं होतं. मागच्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेत बाकी सगळं बरं गेलं, इंग्रजीने घात केला. वडिलांनी, म्हणजे रंभाजींनी, आत्याकडे राहून आणखी एकदा परीक्षा द्यायला परवानगी दिली होती. या वेळी जमलं नाही तर पाथर्डीला बी.ए.

बी.ए. करूनही पुढे वकिली करता येते, असं मी तिला सांगून पाहिलं. तोवर घरचे थांबणार नाहीत, असं ती म्हणाली. तक्रार करावी तसं नाही, एसटीची वेळ सांगावी तसं.

मला एकच पद्धत ठाऊक होती. शब्दाचं मूळ शोधायचं, लॅटिन असेल तर लॅटिन, त्याचे भाऊबंद शोधायचे आणि ते सगळं सुबक अक्षरात एका कार्डावर लिहायचं. वाचनालयातली कोरी कार्डं माझ्याकडे पडून होती. रोज सकाळी मी काही कार्डं लिहून जिन्याच्या कठड्यावर ठेवायचो आणि ती येता-जाता उचलायची. म्हणजे बोलायचं काम फारसं पडत नसे. दुसऱ्या दिवशी विचारलं की निम्मे शब्द गेलेले असायचे. ती मान खाली घालायची आणि मीही घालायचो. मला वाटायचं, ज्याने आयुष्यात इंग्रजीत कुणाला वेळसुद्धा विचारली नाही, त्याने हा उद्योग करायला नको होता.

एके सकाळी रुपाली आणि ती गच्चीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी खाली तुळशीला पाणी घालत होतो. वरून जयमालाचा आवाज आला, शाळेत हजेरी घ्यावी तसा.

"टॅसिटर्न, खालच्या आळीचा कानिफनाथ. पार्सिमोनियस, गिरणीवाला गहिनीनाथ. इन्डोलन्ट, मच्छिंद्र. इरॅसिबल, छबूबाई."

टॅसिटर्न म्हणजे फार कमी बोलणारा. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू, इन्डोलन्ट आळशी आणि इरॅसिबल लगेच भडकणारा. सगळे माझ्या कार्डांवरचे शब्द होते, पण त्यांच्यापुढे ही माणसं कुठून आली हे मला कळेना. तांब्या तसाच हातात घेऊन मी जिना चढलो. भाडेकरूंच्या गच्चीवर मी सहसा जात नाही.

तिने सांगितलं ते असं. मढीचं कानिफनाथांचं देवस्थान त्यांच्या गावापासून जवळ, त्यामुळे घरटी एखादा कानिफनाथ, नाहीतर गहिनीनाथ, नाहीतर मच्छिंद्र. पारावरून "ए कानिफ" अशी हाक मारली की चार जण मागे बघतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं ओळखायला गावाने एकेक टोपणनाव दिलेलं असतं. मला ती बाबा म्हणायची. म्हणाली, "बाबा, मराठी नावं तर त्यांना हायेतच. मी वरून इंग्रजी लावली."

त्या दिवसापासून शब्द तिच्या डोक्यात राहायला लागले. मी एखादा नवा शब्द दिला की ती आभाळाकडे बघत बसायची. हा कुणाला द्यावा, याचा विचार. कधीकधी दोन-दोन दिवस शब्द कुणालाच मिळायचा नाही, मग ती फोनवर आईला, बनाबाईंना, गावातल्या माणसांची चौकशी करायची. मॅग्नॅनिमस, म्हणजे मोठ्या मनाचा, हा शब्द बरेच दिवस माणसावाचून राहिला.

माझं मात्र वेगळंच सुरू झालं. ती माणसं मला दिसायला लागली. टॅसिटर्न कानिफनाथ हा किडकिडीत, लिंबाखाली गुडघ्यांवर हात ठेवून बसणारा, दहा प्रश्नांना मिळून एकदा "हं" म्हणणारा. त्याच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटे. गिरणीवाला गहिनीनाथ दळण संपल्यावर जात्याच्या पाळीवरचं पीठ बोटाने टिपून घेत असणार. छबूबाईच्या दारावरून पोरं दबकत जात असणार. जेवताना मनात यायचं, आज टॅसिटर्न कानिफनाथ काय करत असेल. शेजारच्या माणसांबद्दल मला कधी एवढं कुतूहल वाटलं नव्हतं.

मी जयमालाकडे चौकशी करू लागलो. मच्छिंद्र झोपेतून उठतो किती वाजता, छबूबाई शेवटची कुणावर भडकली. उत्तर देताना ती ओढणीत हनुवटी खुपसून हसायची. ते वयाचं हसू असेल, असं मी धरून चाललो.

परीक्षा जवळ आली आणि लक्षात आलं की तिचं मूळ आधार कार्ड गावीच राहिलंय. ते परीक्षेच्या दिवशी दाखवावं लागतं. तिला क्लासच्या सराव परीक्षा होत्या, रुपालीला सुट्टी नव्हती, रंभाजी कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणत होते. मी म्हणालो, "मी जाऊन आणतो."

रुपालीने माझ्याकडे नीट पाहिलं. मी पुण्याला मुलाकडे जायचं म्हटलं तरी आठवडाभर आधी माझं पोट बिघडतं, हे तिला ठाऊक होतं. पण मला टॅसिटर्न कानिफनाथाला बघायचं होतं.

पाथर्डीच्या एसटीने करंजी घाट ओलांडून तिसगावला उतरलो. तिथून वाडीला जीप जाते. ड्रायव्हरने कुठे जायचं विचारलं, मी रंभाजींचं नाव सांगितलं, तशी त्याने पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे धाडलं आणि मला शेजारी बसवलं. जयमालाला शिकवणारे केडगावचे बाबा तुम्हीच का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोलायला लागला. जीपचं टायर कुठून घेतलं, दुकानदार कसा लबाड, त्या दुकानदाराचा भाऊ कसा देवमाणूस, सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन, डॉक्टरने आधी भलताच गुडघा कसा तपासला, यंदाचा कांदा. डोंगर दाखवायचा असला की तो स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडायचा. मी सीट घट्ट धरून बसलो होतो. मधे त्याने जांभई दिली, तेवढ्यात मी त्याचं नाव विचारून घेतलं.

"कानिफनाथ. खालच्या आळीचा."

खालच्या आळीत दोन कानिफनाथ असणार, असं मी मनाशी म्हणालो. रंभाजींच्या घरी पाणी प्यायल्यावर आधी तेच विचारलं. ते म्हणाले, "वरल्या आळीला तीन हायेत. खाली ह्यो एकच."

नंतर पाय मोकळे करण्याच्या निमित्ताने गिरणीकडे गेलो. मी कोण हे कळताच गहिनीनाथाने गिरणी बंद केली, दळण घेऊन आलेल्या बायकांना थांबवलं, मला घरी नेऊन गुळाचा चहा पाजला आणि बाजरीच्या ताज्या पिठाचं गाठोडं माझ्या पिशवीत घातलं. पैशाचं नाव काढलं तर त्याला वाईट वाटलं. छबूबाईच्या अंगणात एक शेळी वाळत घातलेल्या गोधडीचा कोपरा चघळत होती आणि ती म्हातारी तिला हळूच, नको गं माझे बाई, एवढी एकच हाय मला, असं समजावत होती. मच्छिंद्र तर भेटलाच नाही. पहाटेपासून त्याची नांगरट झाली होती, धारा झाल्या होत्या आणि आता तो कुणाच्या तरी छपरावर पत्रे बसवत होता. त्याला गाठायचं तर दिवस मावळल्यावर, असं बनाबाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत आधार कार्ड खिशात आणि पीठ मांडीवर घेऊन बसलो होतो. घाटात माझ्या मनात आलं, की अर्थच आपण उलटे सांगितले नाहीत ना. घरी आल्यावर हातपाय न धुता मी शब्दकोश काढले. टॅसिटर्न म्हणजे कमी बोलणारा. दुसऱ्या कोशातही तेच. तरुणपणापासून ठाऊक असलेले ते चारही शब्द मी पुन्हा पहिल्यासारखे वाचले. माझं चुकलं नव्हतं. बरं वाटलं, पण ते क्षणभरच. अर्थ बरोबर होते, तर मुलीने ते सगळे उलट्या माणसांना चिकटवले होते. आणि परीक्षा तोंडावर आली होती.

तिला सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारणं मला जमत नाही. मी नवी कार्डं लिहिली. गॅर्युलस, म्हणजे बडबड्या, तिथे कानिफनाथाला बसवलं. मॅग्नॅनिमसला गहिनीनाथ मिळाला. प्लॅसिड, म्हणजे शांत, ती छबूबाई. इन्डस्ट्रियस, म्हणजे कष्टाळू, तो मच्छिंद्र. कार्डं देताना एवढंच म्हणालो, की मी स्वतः बघून आलोय. तिने एकेक कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बरं, बाबा."

पुढच्या सराव परीक्षेत तिचे इंग्रजीचे गुण कोसळले. मागच्या वर्षीपेक्षाही खाली. रुपाली ड्युटीवरून आली ती पर्ससकट खाली माझ्याकडे आली आणि तिच्यामागे जयमाला येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. डोळे कोरडे होते, पण ओढणीच्या टोकाला तिने गाठीवर गाठ मारली होती. म्हणाली, पेपरात टॅसिटर्न आलं, कानिफनाथ दिसला. लगेच गॅर्युलसही त्याच्याच अंगावर दिसलं. मग दोन्हीपैकी कुठलं त्याचं हे कळेना, आणि एकदा तो गेल्यावर बाकीचे सगळे त्याच्यामागून गेले.

आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी विचारलं, "पण कमी बोलणारा हा शब्द तू त्या माणसाला दिलासच कसा?"

"तुमी त्याच्या जीपमधे बसलात ना, बाबा?"

"म्हणून तर विचारतो."

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू दिवस का उगवतो असं मी विचारलं होतं. मग म्हणाली, "आमच्यात नाव असंच पडतं. माझ्या चुलत्याला हत्ती म्हणत्यात, फुंकलं तर उडंल असा हाय. कानिफनाथाचं गावातलं नाव मुका. बडबड्याला बडबड्या म्हणलं तर भांडण हुईल. मुका म्हणलं की तो बी हसतो. इंग्रजी असलं म्हणून काय झालं, नाव तर गावातच पडलंय."

"सगळीच नावं उलटी?"

"न्हाई. एखादं सरळ बी असतं. गावातल्या माणसाला कळतं कुठलं कसं ते." पुढे म्हणाली, "पेपरात टॅसिटर्न दिसलं की मला कानिफनाथ दिसायचा, बोलत असलेला. मनातल्या मनात हसू यायचं. हसू आलं की अर्थ जात नव्हता."

मग मी कार्डं दिली तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती ओढणीकडे बघत म्हणाली, "तुमी एवढ्या लांब जाऊन बघून आलात. तुमाला खोटं कसं पाडायचं?"

रुपालीने कपाळाला हात लावला. "छान जोडी जमलीय. एक इचारत न्हाई आन् एक सांगत न्हाई. ह्यांना वकील करा."

मी नवी कार्डं परत मागितली. ती देऊन काही होणार नाही, असं जयमाला म्हणाली. कार्डं जातील, पण माणसं विस्कटलीत ती विस्कटलीतच. तिला गावी जाऊन त्यांना पुन्हा बघून यायला तर वेळ नव्हता. मग तिने विचारलं, "बाबा, तुमी गावात काय काय बघितलं? मला सगळं सांगा. कायबी सोडू नका."

मला वाटलं, जमणार नाही. दोन वाक्यांत जे सांगता येईल ते मी सांगितलं आणि थांबलो. ती म्हणाली, "मग?" मी टायरचं सांगितलं. ती म्हणाली, "मग?" तेव्हा मी त्या लबाड दुकानदाराचं, त्याच्या देवमाणूस भावाचं, भलत्याच गुडघ्याचं सांगितलं. डोंगर दाखवताना कानिफनाथ स्टिअरिंग कसं सोडतो, हे उठून करून दाखवलं. रुपालीने वर जाऊन गहिनीनाथाच्या पिठाच्या भाकरी केल्या, त्या खाताखाता मी गिरणीवर ताटकळलेल्या बायकांपैकी एकीने त्याला काय टोमणा मारला ते सांगितलं. शेळीचं सांगताना मी छबूबाईचा आवाज काढला. माझ्यात असला आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. जयमाला पोट धरून हसत होती आणि मधेच, हसता हसता, हळू आवाजात एकेक इंग्रजी शब्द म्हणत होती. टॅसिटर्न. पार्सिमोनियस. इरॅसिबल. वाटेत हरवलेली गुरं एकेक करून गोठ्यात यावीत, तसे ते येत होते. मच्छिंद्राबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण तो दिसलाच नव्हता. तेच तिला सगळ्यात जास्त आवडलं.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर गेलो नाही. घरात बसून एक पुस्तक उघडलं आणि त्याचं एकच पान वाचत राहिलो. दुपारी ती आली. इंग्रजी बरं गेलं म्हणाली. एक शब्द मात्र असा आला होता, जो मी तिला शिकवला होता पण ज्याला कुठला माणूस लावलाय हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. तो जमला का, असं मी विचारलं. जमला, ती म्हणाली, पण कुठला ते आत्ता सांगणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही. आधी निकाल लागू दे, असं वाटलं.

निकालानंतर पहिल्या फेरीत तिचं नाव आलं नाही. आम्ही तिघं त्याविषयी न बोलता दिवस काढत होतो. दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका कॉलेजात आलं. रंभाजींचा फोन आला, पण पलीकडून त्यांना नीट बोलता येईना, मग बनाबाईंनी फोन घेतला आणि माझ्या तब्येतीचीच विचारपूस करत राहिल्या.

तिचं सामान पुण्याला पोचवायला हिवरवाडीहून जीप आली. अर्थात कानिफनाथ. जिन्यातून पत्र्याची पेटी उतरवताना तो बोलत होता, टपावर गादी बांधताना बोलत होता. शेवटच्या गाठीला तो माझ्याकडे वळला.

"बाबा, ह्या पोरीनं मला विंग्रजीत काय नाव ठेवलंय म्हनं?"

मी जयमालाकडे पाहिलं. ती जीपमध्ये बसली होती. तिने सांगा म्हणून मान हलवली.

"टॅसिटर्न," मी म्हणालो. कुणासमोर हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची माझी पहिलीच वेळ होती.

"म्हंजी?"

"फार कमी बोलणारा माणूस."

दोरी हातात धरून तो एक क्षण गप्प उभा राहिला. मग असा हसला की समोरच्या गॅलरीत माणसं आली. "मंग बरूबर हाय. आन् तुमचं काय?"

मला नाव नाही, असं मी सांगितलं.

"आसं कसं हुईल? गावात येऊन गेलात, च्या पिलात, पीठ नेलंत. नाव पडल्याबिगर ऱ्हातंय व्हय?"

"हाय," जीपमधून जयमाला म्हणाली. "लोक्वेशस. पेपरात आला होता तो शब्द."

लोक्वेशस म्हणजे ज्याचं बोलणं थांबत नाही असा माणूस. ते कार्ड मी फार पूर्वी लिहिलं होतं, अगदी सुरुवातीच्या दिवसांत. तेव्हा मी तिच्याशी बोलायला नको म्हणून कार्डं कठड्यावर ठेवून आत जायचो. नाव तेव्हाच पडलं असेल तर ते गावच्या रीतीने उलटं. पण त्या संध्याकाळी, भाकरी खाताना, छबूबाईचा आवाज काढल्यावर पडलं असेल तर मग सरळ.

कानिफनाथाने गाडी सुरू केली. मी खिडकीपाशी गेलो आणि या वेळी मात्र विचारलं. चांगलं मोठ्याने विचारलं, की माझं नाव उलटं आहे का सरळ.

जयमालाने उत्तर दिलं. तिचे ओठ हललेले मला दिसले. मग तिने ओढणीत हनुवटी खुपसली आणि हात हलवला. पण तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण कानिफनाथ मला पुण्याच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल सांगत होता, आणि जीप हमरस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत सांगतच होता.